सहा गोळ्या, सहा खुणा

तारीख ११ फेब्रुवारी, वार मंगळवार. रक्कम अठ्ठावीसशे रुपये. हजर माणसं तीन: दादा, वहिनी आणि मी.

अठ्ठावीसशे हे सांगलीच्या दवाखान्यातल्या खोलीचं एका दिवसाचं भाडं. दादाच्या मोठ्या आतड्यात गाठ होती आणि बुधवारी सकाळी ऑपरेशन होतं. आदल्या दिवशी पोट पूर्ण साफ करायचं असतं. त्यासाठी मंगळवारीच दाखल व्हा, नाहीतर घरी नीट करणार असाल तर करा, असं डॉक्टर म्हणाले होते. दादाला तिथल्या संडासाची लाज वाटते, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे भाडं वाचत होतं. साताऱ्याहून रजा टाकून मी आष्ट्याजवळच्या आमच्या घरी आलो तो हिशेबाची वही घेऊनच.

डॉक्टरांच्या कागदावर दोन कामं होती. पोट साफ करायच्या औषधाची पुडी दोन लिटर पाण्यात विरघळवून दर पंधरा मिनिटांनी एक असे आठ ग्लास प्यायचे. नंतर दोन जातीच्या अँटिबायोटिक गोळ्या, दुपारी एक, दुपारी दोन आणि रात्री दहाला एकेक जोडी. म्हणजे सहा. आतड्यातले जंतू कमी झाले की जखम पिकायचा धोका कमी होतो, हे डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं. मला ते समजलंही होतं.

दादानं सकाळी दहाला पहिला ग्लास तोंडाला लावला. चव खारट, बुळबुळीत. पाचव्या ग्लासाला तो म्हणाला, "गड्या, एवढं पाणी मी उसालाबी एका पाळीत सोडत न्हाई."

"उसाला ऑपरेशन नसतं," मी म्हणालो.

"तोडणी आसती की," म्हणून तो पोट धरून परसाकडं पळाला.

आठ ग्लास, आठ खुणा. एकच्या गोळ्या, दोन खुणा. दोनच्या गोळ्या दादानं माझ्यासमोर गिळल्या, मी आणखी दोन खुणा केल्या आणि दहा मिनिटांत त्याला मोरीत मोठी उलटी झाली.

वहिनी पाणी ओतायला गेल्या आणि तिथंच थांबल्या. "आवं भावजी, गोळ्या तशाच पडल्यात. डाक्टरास्नी फोन लावा की."

मी बघितलं. दोन्ही गोळ्या अख्ख्या होत्या. फोन माझ्या खिशात होता. डॉक्टर म्हणतील, आत्ताच घेऊन या, भाडं लागेल. किंवा तारीखच पुढं ढकलतील आणि माझी रजा वाया जाईल. "एकच्या राहिल्यात पोटात. रात्रीच्या द्यायच्याच आहेत," मी म्हणालो. वहिनींनी पाणी ओतलं. वहीतल्या खुणा मी खोडल्या नाहीत. रात्री दहाच्या दोन धरून गोळ्यांच्या सहा खुणा झाल्या.

सकाळी दवाखान्यात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "द्रावण पूर्ण घेतलं? गोळ्या सगळ्या?"

मी वही पुढं केली. त्यांनी पान बघितलं आणि त्या हसून म्हणाल्या, "एवढं चोख कुणीच लिहून आणत नाही." मला बरं वाटलं, हे लिहायला लाज वाटते. दादानं माझ्याकडं बघितलं आणि तो स्ट्रेचरवर चढला.

ऑपरेशन चांगलं झालं. पाचव्या दिवशी ताप आला, जखम लाल झाली, सहाव्या दिवशी टाके उसवून पू काढावा लागला. गाठीवरची पुढची औषधं जखम भरेपर्यंत थांबली. त्या दिवशी मी मोठ्या डॉक्टरांना उलटीचं सांगितलं.

ते म्हणाले, "त्यामुळंच झालं असं मी म्हणणार नाही. सगळ्या गोळ्या पोटात राहूनही होतं. पण कळलं असतं तर त्या परत दिल्या असत्या. तुम्हाला विचारलं होतं ना?"

"विचारलं होतं."

दादाला सांगितलं तर तो रागावला नाही. "मला ठावं हुतं की. मीच वकलो न्हवं? पर तू खूण खोडली न्हाईस. मला वाटलं, चालत आसंल."

आठ दिवसांचा मुक्काम सतराचा झाला. जादा नऊ दिवसांचे पंचवीस हजार दोनशे रुपये दवाखान्याला दिले. घरी आल्यावर गावातल्या नर्सबाई रोज जखम धुऊन पट्टी करायला येत. दादा दात आवळून भिंतीकडं बघत पडायचा. छत्तीस दिवसांनी जखम भरली आणि पुढची औषधं सुरू झाली.

शेवटच्या दिवशी नर्सबाईंच्या हातात पैसे ठेवले. मोजून घ्या, म्हणालो.

"तुमी मोजल्यात न्हवं, मग कशाला," त्या पर्स उघडत म्हणाल्या.

"माझ्या मोजण्यावर जाऊ नका. मोजा."

त्यांनी उंबऱ्यात उभ्या राहून मोजले. छत्तीस दिवस, दीडशेप्रमाणे, पाच हजार चारशे.