चाचांचा आवाज

माझ्या बाहुल्याचा आवाज माझा नव्हता. तो मी चोरला होता. ज्यांचा चोरला, ते गृहस्थ रोज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी कुवेतच्या मंगफ भागातल्या आमच्या बिल्डिंगखाली येऊन व्हॅनचा हॉर्न वाजवत.

मी कुवेत सिटीत एका कंपनीत अकाउंटंट आहे. ऑफिसला जायला आम्ही नऊ जणींनी मिळून ही व्हॅन लावली आहे. चालक रत्नागिरीकडचे, पन्नाशीला टेकलेले, तीस वर्षं इथंच काढलेले. सगळ्या त्यांना चाचा म्हणतात. बाकीच्या आठ जणी कुठकुठल्या, त्यांच्याशी चाचा हिंदीत बोलत. पहिला थांबा माझा. दुसरी चढेपर्यंतची दहा-बारा मिनिटं आम्ही दोघंच असायचो, आणि तेवढ्यात चाचा त्यांच्या गावच्या बोलीत मोकळे होत. "काय झाला ताई, आज तोंड का उतरलाय?" इथून सुरुवात होई. मग गावचं घर, आंब्याची कलमं, दोन वर्षांतून एकदा मिळणारी रजा. परमुलखात सकाळी सकाळी असं कुणी विचारलं की बरं वाटतं. मला तर फारच बरं वाटायचं.

बाहुल्याचा नाद जुना. पुण्यात कॉलेजात असताना मी एका शब्दभ्रमकारांकडे दोन वर्षं शिकले. ओठ न हलवता बोलायचं तर प, फ, ब, भ, म ही पाच अक्षरं जीव काढतात. ती ओठांऐवजी जिभेनं भागवावी लागतात. इथं मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत मी बाहुला घेऊन उभी राहू लागले तेव्हा तो साहेब होता. टाय लावलेला, पगारवाढ न देणारा. एकदा त्यानं अध्यक्षांच्या भाषणाची टर उडवली आणि दुसऱ्या दिवशी मला फोन आला, "जरा बाहुल्याला आवरा." पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाची बायको रुसली. मी वैतागले. मग साहेबाचा टाय काढला, फरवानियाच्या एका दुकानातून लहान मुलाचा चौकड्यांचा शर्ट आणून त्याला घातला, मिशी चिकटवली आणि व्हॅनचा ड्रायव्हर केला.

तो तुफान चालला. तो मॅडम लोकांना टोमणे मारी, मॉलमध्ये जाणाऱ्यांची खिल्ली उडवी, आणि मधूनच स्वतःवर असे विनोद करी की लोक डोळे पुसत. "काय बिनधास्त बोलतो हो तुमचा बाहुला!" म्हणत. मीही फुशारून जायची. बिनधास्त कसला? ड्रायव्हरच्या वतीनं मला फोन करणारं त्या हॉलमध्ये कुणी नव्हतं, एवढंच.

माझी मुलगी तेव्हा बारा वर्षांची. पहिला प्रयोग पाहून घरी आल्यावर ती म्हणाली, "आई, दॅट्स चाचा! डज ही नो?"

"अगं, गंमत आहे ती," मी म्हटलं. तिनं पुन्हा विचारलं नाही आणि मीही विषय वाढवला नाही.

सगळ्यात जास्त हशा मिळवणारा किस्सा चाचांनीच मला एका सकाळी सांगितला होता. त्यांची धाकटी मुलगी उशिरा झालेली, तेव्हा चार वर्षांची. रजेवर घरी गेल्यावर दुसऱ्याच दिवशी तिनं आईला विचारलं, "हे पाव्हने कवा जानार?" सांगताना चाचा हसले होते. मग चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसत राहिले, सिग्नल हिरवा झाला तरी. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या.

आणि मी ऑफिसात पोचेपर्यंत ते वाक्य मनात घोळवत होते. दुसऱ्याच शब्दाला 'प'. महिनाभर आरशासमोर उभी राहून मी तो प बसवला. पुढं पुढं तर बाहुला किस्सा सांगत शेवटाला आला की अख्खा हॉल त्याच्याबरोबर एका सुरात ते वाक्य म्हणायचा.

मग मंडळानं खैरानला समुद्राकाठी एक शाले, म्हणजे सुट्टीची बंगली, दिवसभरासाठी घेतली. शनिवार होता. कुटुंबं न्यायला दोन व्हॅन ठरवल्या, त्यातली एक चाचांची. चाचा मला गाडीतून उतरवून सावलीत जाऊन बसतील, असं मी धरून चालले होते. नेहमी तसंच व्हायचं. पण मे महिन्याचं ऊन, आणि आमचे सेक्रेटरी स्वभावानं भले. ते बाहेर जाऊन म्हणाले, "एवढ्या उन्हात गाडीत काय बसलाय? आत या, जेवून घ्या."

हे मला नंतर कळलं. मी तेव्हा बाहुला मांडीवर घेऊन सोफ्यावर बसले होते आणि प्रयोग रंगात आला होता. "काय झाला ताई, आज तोंड का उतरलाय?" असं बाहुल्यानं मला विचारलं, लोक हसले, आणि मी सहज मान वर केली. स्वयंपाकघराच्या दारात चाचा उभे होते. हातात ताट, अंगात चौकड्यांचा शर्ट. पुरीचा घास हातातच राहिला होता. इंजिनात काही वाजलं की ते जशी मान कलती करून ऐकत, तशीच मान कलती होती.

बाहुल्याचं डोकं मी दुसरीकडे वळवलं, मॉलचा विनोद सुरू केला, तो पडला. घसा खाकरला. बाहुल्याला तहान लागली म्हणावं आणि उठावं, ही जुनी युक्ती मला येत होती. पण पुढं बसलेली पोरं ओरडायला लागली, "पाव्हने! पाव्हने सांग!" मग मोठेही टाळ्या वाजवू लागले. माझी मुलगी तेवढी माझ्याकडे टक लावून बघत होती आणि मान हलवत होती, नको म्हणून.

मला थांबता आलं असतं. हे मी स्वतःला अनेकदा सांगितलं आहे आणि ते खरं आहे. पण इतक्या लोकांसमोर पडायची भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर हशाची हावही होती. मी किस्सा सांगितला. शेवटाला बाहुल्याचं तोंड उघडलं आणि पन्नास-साठ माणसं एका सुरात म्हणाली, "हे पाव्हने कवा जानार?"

सेक्रेटरी हसत हसत चाचांच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "काय चाचा, तुमच्याच गावचा दिसतोय हा!"

"हां साब," चाचा म्हणाले. हसलेही. मग ताट ओट्यावर ठेवलं, त्यावर दुसरं ताट झाकलं आणि बाहेर गेले. परतीच्या वाटेवर गाडीत अंताक्षरी चालली होती. मी मागच्या सीटवर बाहुल्याची पेटी पायाशी घेऊन बसले होते आणि आरशात चाचांचे डोळे शोधत होते. ते रस्त्यावर होते.

रविवारी, म्हणजे इथल्या कामाच्या पहिल्या दिवशी, हॉर्न वाजेल की नाही या धास्तीनं मी सहापासून खाली उभी होते. सहा दहाला वाजला. आम्ही दोघंच होतो. मी जुळवून ठेवलेलं बोलले, "चाचा, कालचं ते... बाहुला काहीही बडबडतो. कुणाचं नाव नव्हतं घेतलं मी."

मला स्वतःचाच संताप आला. माफी मागायची सोडून मी बाहुल्याला पुढं करत होते.

चाचांनी सिग्नलला गाडी उभी केली. मग पुढं बघतच म्हणाले, "ताई, बाहुल्याला काय कलतंय? ती गोष्ट मी त्याला नाय सांगितली. तुमाला सांगितली."

"चुकलं माझं, चाचा," मी म्हटलं. पण तोवर दुसरा थांबा आला होता आणि दार उघडलं होतं.

संध्याकाळी मी उतरताना ते म्हणाले, "मॅडम, दरवाजा ठीक से बंद कीजिए."

त्या दिवसापासून मी मॅडम आहे. व्हॅन कधी चुकली नाही, एसी माझ्या बाजूला वळवायचंही ते विसरले नाहीत. फक्त ती दहा-बारा मिनिटं रेडिओ चालू असतो. मी दोनदा पुन्हा माफी मागितली. "कोई बात नहीं, मॅडम," एवढंच म्हणाले. मंडळातले एकजण मला समजवायला आले, "हल्ली लोक लगेच दुखावतात, तू मनावर घेऊ नकोस." त्यांना मी असं काही सुनावलं की ते आता माझ्याशी बोलत नाहीत. बाहुला पेटीत आहे. आवाज गेलेला नाही. परवा स्वयंपाकघरात एकटी असताना काढून पाहिला, तर हुबेहूब आला, अगदी त्या 'प'सकट, आणि माझी मलाच शिसारी आली.

या वर्षी चाचा रजेवर जाणार हे मला दुसऱ्या थांब्यावरच्या बाईकडून कळलं. दीड महिना बदली चालक होता. ते परत आले त्या सकाळी मी पुढं वाकून विचारलं, "चाचा, घरी कसं आहे सगळं? धाकटी काय म्हणते?"

"सब ठीक है, मॅडम," ते म्हणाले आणि रेडिओ जरा मोठा केला.

मुलगी आता सहा वर्षांची असेल. या खेपेला तिनं बापाला ओळखलं की नाही, हे मला कधीच कळणार नाही.