रुमाल टाकलेली खुर्ची

एका मेलेल्या माणसासाठी मी चार खेळ खुर्ची अडवून ठेवली होती. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं, पण तो खाली गाडी लावतोय असंही मी लोकांना सांगत होते. तेव्हा मी एकसष्ट वर्षांची होते, म्हणजे अक्कल यायच्या आधीचीच. आज ती बाई आठवली की तिला एक टपली मारावीशी वाटते.

कोल्हापुरात आमच्या भागातल्या वाचनालयाच्या माडीवर महिन्यातून एका रविवारी सकाळी सिनेमा दाखवतात. थिएटरात कधी न लागणारे सिनेमे. नेपाळचे, बांगलादेशचे, श्रीलंकेचे, कधी आपल्याच जिल्ह्यातल्या कुणी दोस्तांना गोळा करून काढलेला. खिडक्यांना काळं कापड, समोर पडदा, मागे लोखंडी खुर्च्या, पुढे सतरंजी. शेवटी दिवे लावून चर्चा.

आम्ही दोघं पहिल्यापासून जायचो. पडद्यावर खाली इंग्रजी ओळी यायच्या, त्या आमच्या ह्यांना झरझर वाचता येत नसत. मी हायस्कूलात इंग्रजी शिकवलेलं, तेव्हा मी त्यांच्या कानाशी मराठीत सांगत राहायची. पुढचे लोक वळून "शूऽऽ" करायचे. तसल्या सिनेमात दहा-दहा मिनिटं कुणी बोलत नाही, नुसती नदी वाहते. हे कोपरानं ढोसायचे.

"आता काय चाललंय?"

"पाणी चाललंय."

"ते मला बी दिसतंय की!"

मग शेवट पटला की नाही यावरून घरापर्यंत भांडण. स्वयंपाकघरातही पुरायचं ते. मी भाजी फोडणीला टाकतेय आणि हे दारात उभे राहून त्या सिनेमातल्या बापाची बाजू घेतायत.

हे गेल्यावर सहा महिने मी त्या जिन्याकडे फिरकले नाही. मग गेले. वर पाऊल ठेवते न ठेवते तोच कुणीतरी सहज विचारलं, "आज एकट्याच?" आणि माझ्या तोंडून गेलं, "छे, हे खाली गाडी लावतायत." बोलले तर बोलले, वर शेजारच्या खुर्चीवर रुमालही टाकला. गाडी कसली? स्कूटर होती, तीही पुतण्या घेऊन गेलेला. खेळ लावणाऱ्या मुलांपैकी दोघं मयतीला आली होती. त्यांनी ऐकलं आणि एकदम प्रोजेक्टरची वायर तपासायला लागली. मी शहाणी समजले, यांनाही चकवलं.

पुढचे दोन खेळ तेच. सिनेमा सुरू झाला की माझे ओठ हलायचे. मराठी वाक्य तयार व्हायचं आणि तोंडातच राहायचं. घरी येऊन कुलूप काढायचं, पंखा लावायचा. शेवट मला पटला नव्हता, आणि ते सांगायला घरात माणूस नव्हतं. आख्खा सिनेमा पोटात घेऊन मी दुपारभर बसून राहायची.

चौथ्या खेपेला सिनेमा करणारी बाई स्वतः येणार होती, म्हणून माडी भरून गेली. आम्ही शेवटच्या रांगेत खांबाजवळ, म्हणजे मी आणि रुमाल. काळोख झाल्यावर माझ्याच वयाची एक बाई जिन्यानं धापा टाकत आली. लेकीकडं राहायला राधानगरीहून आलेली, हे नंतर कळलं. वाकून म्हणाली, "हितं कोण हाय का वो?"

"हे येतायत. गाडी लावतायत."

"बरं, येऊ द्यात की. मी ऱ्हाते हुबी. खाली बसले तर उठायला चार माणसं लागतील."

आणि ती खांबाला टेकून उभी राहिली. बांगलादेशचा सिनेमा होता, एक मुलगी शिलाईचं मशीन होडीत घालून माहेरी निघालेली. मी पडद्याकडे कमी आणि त्या बाईच्या पावलांकडे जास्त बघत होते. ती एकदा या पायावर भार देई, एकदा त्या. रुमाल उचलायचा तर खोटं उघडं पडणार. मी उचलला नाही. दोन तास उचलला नाही, एवढी मी नेटाची.

दिवे लागले. ती पुढे आली, रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाली, "तुमच्या मालकास्नी जागा घावली न्हाय वाटतं गाडीला."

तिच्या बोलण्यात टोमणा असता तर मी पुढचं खोटं तयार ठेवलं होतं. पण तिला खरंच वाईट वाटलं होतं, बिचाऱ्याचा सिनेमा चुकला म्हणून.

"ते नाहीत," मी म्हणाले. "वारून वर्ष होत आलं. मी उगीच सांगते तसं."

पुढे चर्चा सुरू झाली होती, कुणीतरी माईकवर लांबलचक प्रश्न विचारत होतं. ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं रुमाल उचलला, घडी घालून माझ्या मांडीवर ठेवला आणि खुर्चीत बसली. दोन्ही गुडघे हातांनी चोळले. मला वाटलं आता ही चारचौघांत माझी शोभा करणार, आणि केली असती तरी मी ऐकून घेतलं असतं.

ती म्हणाली, "दोन तास हुबी केलीस मला. आता खाली चल, च्या पाज, आन् त्या पोरीचं शेवटाला काय झालं त्ये समदं सांग. मला त्यातलं एक अक्षर वाचाय आलं न्हाय."