वळणावरचं काळं तेल

ती दुपार आठवली की अजूनही अंगात तरतरी येते. तेव्हा मी गिरणाकाठच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. भडगावहून जळगावकडे जाताना, केळीच्या मळ्यांमधल्या एका वळणावर काही आठवड्यांच्या अंतराने तीन मोटारसायकली घसरल्या. तिसऱ्या गाडीवर एक शेतकरी आणि त्याची बायको होती. त्याचं खरचटण्यावर निभावलं. ती डोक्यावर आपटली, थोड्या वेळाने तिची शुद्ध हरपली आणि ती जळगावच्या दवाखान्यात बेशुद्ध पडून राहिली. आमच्या कागदांत कारण नेहमीचंच होतं : चालकाने हयगयीने, भरधाव वेगात वाहन चालवले.

एके सकाळी हजेरी संपत असताना पासष्टीचे एक गृहस्थ काखेत हेल्मेट धरून ठाण्यात आले. शेतात ठिबकच्या नळ्या जोडण्याच्या कामासाठी त्यांनी चाळीस वर्षं मोटारसायकलवर जिल्हा पालथा घातला होता. सगळे त्यांना आबा म्हणत.

"साहेब, हाऊ अपघात नही शे," ते अहिराणीत म्हणाले. "कोणीतरी मुद्दाम करेल शे."

ठाणे अंमलदार हसला. मी आबांना बसवून चहा सांगितला आणि विचारलं, "तुम्ही कधी पडलात का?"

"दोनदा. दोन्ही वेळा घाईत." मग माझ्यासाठी ते नीट शहरी मराठीत सांगू लागले. "वेग वळणाच्या आधी कमी करायचा असतो, वळणात नाही. म्हणून काल वळणावरचं तेल मला दिसलं आणि थांबता आलं. ट्रकमधून डिझेल गळालं तर लांब रेघ पडते. तिथं एकाच बाजूला पसरलंय, वरून माती भुरभुरवलीय. मी वास घेतला. गाडीतून काढलेलं जुनं ऑइल आहे ते."

मी तिन्ही अपघातांचे कागद काढले, मग कोणी मुद्दाम केलं तर ते चोरीसाठीच असेल असं वाटून गहाळ मोबाईलच्या अर्जांचा गठ्ठा. अपघातातली दोन नावं त्यातही होती. तिसऱ्या प्रकरणात बाईची मंगलपोत दवाखान्यात हरवली असं घरचे समजत होते. तिन्ही घटना शनिवारच्या, बाजाराच्या दिवशी, रस्ता सुनसान असताना भर दुपारी घडलेल्या. हे कागद इतके दिवस एकाच खोलीत, दोन कपाटांत पडून होते.

येत्या शनिवारी सापळा लावायचं ठरलं. दोन शिपाई साध्या वेषात केळीच्या मळ्यात बसले. जीप नेली असती तर चोर सावध झाला असता. म्हणून मी आबांच्या मागे बसणार होतो. त्यांनी मला हेल्मेट दिलं, पट्टा स्वतः ओढून पाहिला आणि म्हणाले, "मी झुकलो की तुम्हीही झुका. घाबरून उलट्या बाजूला जाऊ नका."

दोनच्या सुमारास शिपायाचा फोन आला. "साहेब, आला. डब्यातून ओततोय."

अलीकडच्या फाट्यावर थांबलेलो आम्ही निघालो. वळण दिसलं तेव्हा शिपाई मळ्यातून धावत बाहेर येत होते, आणि तो माणूस गाडीला किक मारून शेताच्या वाटेला लागला होता. मी ओरडलो, "आबा, सोडू नका त्याला."

आबांनी गाडी थांबवली. तेलाच्या अलीकडे ती रस्त्यात आडवी लावली, दिवे चमकवत ठेवले. "आधी रस्ता, मंग चोर," एवढंच ते बोलले. मला राग आला. तेवढ्यात मागून एक स्कूटर सुसाट आली. पुढे बाप, मागे लेक, दोघं उघड्या डोक्याची. आबांनी दोन्ही हात वर केले. स्कूटर आमच्यापासून चार हातांवर थांबली आणि माझा राग जागच्या जागी विरला.

शिपायांनी तेलावर माती टाकायला घेतल्यावर आबा म्हणाले, "बसा आता. ती वाट नदीत जाते. पुढं वाळू आहे, कुठं जातो तो?"

चाकोरीतून धुरळा उडवत आम्ही गिरणेच्या पात्राशी पोचलो. चोराचं मागचं चाक वाळूत रुतलं होतं आणि तो वेड्यासारखा गाडी रेटत होता. आबांनी आपली गाडी काठावरच उभी केली. मी खाली उडी मारली, धावलो आणि त्याची कॉलर धरली. तोंड वळवलं तर ओळखीचं निघालं. रस्त्याकडेचा गॅरेजवाला. प्रत्येक अपघातात पाणी घेऊन सर्वांत आधी तोच धावला होता. आमच्या तिन्ही पंचनाम्यांवर पंच म्हणून त्याचीच सही होती.

ठाण्यात दोन तास तो एकच सांगत राहिला, "डबा हातातून सुटला, साहेब." दरडावून उपयोग नव्हता. मग दवाखान्यातून निरोप आला. मी त्याच्यासमोर बसून हळू सांगितलं, "ती बाई शुद्धीवर आलीय. पाणी पाजणारा भाऊ कोण होता म्हणून विचारतेय. तुला भेटायचंय म्हणे."

"पोत शे साहेब मनाकडे," पोत आपल्याकडेच असल्याचं त्याने अखेर कबूल केलं, आणि तो रडायला लागला. गॅरेजमधल्या पान्यांच्या पेटीतून मंगलपोत आणि दोन्ही मोबाईल जप्त झाले.

त्या संध्याकाळी मी दवाखान्यात गेलो. बाईचा नवरा खोलीबाहेर बाकावर बसला होता. महिनाभर त्याने गाडीला हात लावला नव्हता. सासुरवाडीच्या माणसांना तोंड दाखवायची त्याला लाज वाटत होती. त्याच्या हयगयीने अपघात झाला, असं माझ्या ठाण्यानेच लिहिलं होतं.

तपास म्हणजे गुन्हेगार शोधणं, असं मी तोवर मानत होतो. पण निर्दोष माणसाच्या माथी मारलेला दोष उतरवणं हाही तपासच असतो, आणि तो मी जवळजवळ विसरलो होतो. मी त्याच्या शेजारी बसलो, टोपी काढून मांडीवर ठेवली.

"भाऊ," मी म्हणालो, "तुमची गाडी बरोबर चालली होती. चूक आमच्या लिहिण्यात होती."