सुतकातले कोसे

नथ्थू धिवर तापाने मेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गावातल्या पुरुषांना त्याच्या बायकोच्या काळजाची फार काळजी लागली. एरवी कुरखेड्याच्या बाजाराखेरीज कशासाठी घाईने न उठणारे हे लोक सूर्य वर यायच्या आत शकुबाईच्या ओसरीवर जागा धरून बसले.

सर्वांत पुढे भैयाजी. तीन वर्षांपूर्वी सरकारने मालगुजारी काढून घेतली, तेव्हा हे गृहस्थ अख्खा पावसाळा खाटेवरून उठले नव्हते. घर शाबूत, शेत शाबूत. फक्त वाकून जोहार करणारे कमी झाले, एवढ्याने. तेच आता शकुबाईला धीर शिकवत होते.

"बाई, मन घट्ट कर. घरी बस, रड. रडल्यानं हलकं होते."

"अन् किडे कोण राखन, भैयाजी?"

नवरा-बायको दरवर्षी जंगलातल्या ऐनाच्या झाडांवर कोशाचे, म्हणजे टसर रेशमाचे, किडे पाळत. हा किडा चार वेळा कात टाकतो. शेवटच्या कातीनंतर तो अधाशासारखा पाला खातो आणि मग कोसा विणतो. तेव्हा तो बोटाएवढा जाड असतो आणि कावळ्याला दुरून दिसतो. नथ्थू नेमका त्याच दिवसांत गेला. आणि रीत अशी, की सुतक असलेल्याने किड्यांच्या झाडाखाली पाय ठेवायचा नाही. ठेवला तर किडे मरतात म्हणे.

"आमी हावो ना," सोमाजी म्हणाला. हा नथ्थूचा चुलतभाऊ आणि जातीचा पंच. "सुतक फिटेपर्यंत माह्यी माणसं राखतीन."

शकुबाईने विश्वास ठेवला. दोन दिवसांनी बांधावरून पाहिलं, तर राखणदार मोहाच्या झाडाखाली घोरत होते आणि कावळे सावकाश जेवत होते. तिने घरी येऊन नथ्थूची गुलेल खुंटीवरून काढली, मातीच्या गोळ्या ओटीत घेतल्या. सोमाजी आडवा आला.

"सुतक हाय तुले! किडे मरतीन!"

"कावळ्याच्या पोटात जाऊन जगून राह्यले काय मंग?"

"लोक काय म्हणतीन? नवऱ्याची राख गरम हाय अजून."

"राखेपाशी बसाले सारा गाव हाय. तुमी रडा, भाऊ. मस्त रडता तुमी."

ती जंगलातल्या खोपटात जाऊन राहिली. कावळ्यांना हाकलायची नथ्थूची एक खास आरोळी होती, चारचौघांत उच्चारू नये अशी. तिने ती पहिल्यांदा दिली आणि मध्येच आवाज फुटला. ती मटकन बसून रडली. तेवढ्यात कावळ्याने डोक्यावरच्या फांदीवरचा किडा उचलला.

"तवा समजलं," ती पुढे सांगायची, "माह्यं रडणं कावळ्याले पावते."

मग तिने रडणं रात्री कावळे निजल्यानंतरचं करून टाकलं. दिवसा आरोळी, शिव्या आणि गुलेल.

गावाने तिला दगडाच्या काळजाची ठरवलं. भैयाजींनी खाटेवरूनच निदान केलं, की बाईच्या डोक्यावर परिणाम झाला आहे. खरी गोष्ट साधी होती. गावाला खचलेली विधवा हवी होती. तिच्यावर दया करून प्रत्येकाला थोडं मोठं होता आलं असतं. ती सोय शकुबाईने केली नाही. तिला दुःख कमी नव्हतं. तिच्याकडे फक्त त्याहून निकडीचं काम होतं. हे कळायला स्वतःला एखादं काम असावं लागतं.

तिचे किडे मेले नाहीत. झाडं कोशांनी लगडली. सोमाजीचेही किडे जवळच्याच झाडांवर होते; ते मात्र त्याच झोपाळू राखणदारांच्या कृपेने साफ झाले.

पुढच्या पावसाच्या तोंडावर तो बियाण्याचे कोसे मागायला आला. शब्द टाकायला भैयाजींना सोबत आणलं होतं.

"सुतकातले कोसे हायत, भाऊ," शकुबाई म्हणाली. "बाटान ना तुमी."

"सुतक कधीचंच फिटलं," सोमाजी जमिनीकडे पाहत पुटपुटला.

तिने टोपलीतले चांगले जड कोसे निवडून त्याच्या पंच्यात टाकले. मग भैयाजींकडे वळली.

"तुमी बी घ्या थोडे, भैयाजी. खाट सुटन."

भैयाजी मोठ्यांदा हसले. कोसे घेतले नाहीत.