नलूला बघायला येतायत, कुणाला सांगू नका!

सुपरहिरोंच्या सिनेमातल्या गुप्तहेर संघटनेइतकी जगजाहीर संघटना दुसरी नसेल. ऐंशीच्या दशकात वाशीला आम्ही भाड्याने व्हिडिओ आणून असा एक सिनेमा पाहिला. त्यातली संघटना म्हणे इतकी गुप्त, की सरकारलाही तिचा पत्ता नाही! आणि तिच्या गाड्यांवर, टोप्यांवर, अगदी चहाच्या कपांवरसुद्धा तिचं बोधचिन्ह छापलेलं!

"यांच्यापेक्षा गुप्त खातं मी बरं चालवीन," मी म्हणालो. दुर्दैवाने हे आईने ऐकलं.

माझ्या धाकट्या बहिणीला, नलूला, बघायला रविवारी ठाण्याचे पाहुणे येणार होते. आधीची दोन स्थळं शेजाऱ्यांनी कान भरल्यामुळेच मोडली, अशी आईची खात्री होती. त्यात ठाण्याचा मुलगा नलूला फोटोतच आवडला होता. हे स्थळ हातचं जाऊन चालणार नव्हतं.

"कुणाला म्हणून कळता कामा नये!" आईने मला बजावलं.

पहिली अडचण खुर्च्यांची. पाहुणे सहा, घरात खुर्च्या दोन. एकाच घरातून चार आणल्या तर संशय येणार! म्हणून मी चार घरांतून एकेक आणली. (कपबश्या आणखी दोन घरांतून.)

"कशाला रे खुर्ची?" खालच्या सावंतकाकूंनी विचारलं.

"ते गुप्त आहे."

"नलूला बघायला येतायत होय?"

"हो. पण कुणाला बोलू नका हं!"

"छे रे! मी कशाला बोलतेय? टेन्शन नको घेऊस."

प्रत्येक दारात हेच झालं. प्रत्येकाला मी नलूची शपथ घातली. जिन्याखाली बसणाऱ्या मासळीवाल्या मावशीलाही सोडलं नाही.

रविवारी सगळं तयार होतं, फक्त पाहुणे नव्हते. आमच्या सेक्टरातल्या बिल्डिंगी एकसारख्या, त्यामुळे नव्या माणसाला विचारल्याशिवाय घर सापडणं अशक्य. पाहुण्यांनी विचारलं. आणि अख्ख्या सोसायटीने शब्द पाळला!

"पेडणेकर? कोण पेडणेकर?" इति सावंतकाकू.

"आमच्या इथे या नावाचं कुणी नाही," पहिल्या मजल्यावरचे जोशी म्हणाले. (त्यांची खुर्ची आमच्याच घरात होती!)

शेवटी पाहुण्यांनी मावशीला गाठलं. "त्यांचा काय बी इचारू नका," ती म्हणाली. "गुपित हाय!"

पाहुणे हादरलेच. मुलगी दाखवायच्या घरात कसलं गुपित?

हे सगळं आम्हाला नंतर कळलं. त्या वेळी नलू गॅलरीत उभी होती.

"दादा, ते बघ! सहा जण स्टॉपकडे परत चाललेत. त्यात तो फोटोतला पण आहे!" तिचा आवाज रडवेला झाला. मी पायात चपला सरकवल्या.

"थांब, मी गुपचूप मागच्या बाजूने जाऊन..."

"खड्ड्यात गेलं तुझं गुपचूप!" नलू कठड्यावरून वाकली आणि ओरडली, "अहो ठाणेवाले! इकडे, तिसरा मजला! बघायची मुलगी मीच!"

सगळ्या गॅलऱ्या माणसांनी भरल्या. खालून सावंतकाकूंनी मला विचारलं, "आता सांगू का रे?"

पाहुणे वर आले, पोहे खाताखाता माझ्या शपथांचा सगळा उलगडा झाला, आणि मुलाने तिथल्या तिथे होकार दिला. नलू लाजली (उशिरा का होईना!). निघताना मुलाच्या वडिलांनी बाबांचे हात हातात घेतले.

"मुलगी पसंत आहे," ते म्हणाले. "मानपान काही नको. फक्त लग्नपत्रिका वाटायचं काम तुमच्या या चिरंजीवांना देऊ नका. लग्न कुठे आहे ते निदान आम्हाला तरी कळायला हवं!"