आत्याची धुरी

कोळवणला आमच्या घरी दिवेलागणीला सगळे अंगणात यायचे आणि आत्या आत जायची.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच दिवसांत नवरा गेला, तशी ती माहेरी आली ती कायमची. घरात चूल आईची, भाताची खाचरं वडिलांची, शेळ्या चुलत्याच्या. आत्याचं म्हणावं असं काहीच नव्हतं. मग तिनं डासांचा कारभार हाती घेतला. आता सांगताना हसू येतं, पण तिच्या लेखी तो कारभारच होता, आणि त्यात ती कुणाची लुडबूड खपवून घेत नसे.

ओढ्याकाठी निर्गुडी माजलेली असायची. तिचा पाला आणून ती पडवीत सावलीला वाळवायची. त्यात कडुनिंब आणि घरात साठवून ठेवलेली लसणाची सालं. जुन्या घमेल्यात शेणीचे निखारे घेऊन त्यावर हे सगळं टाकायचं, वर मूठभर ओला पाला, म्हणजे जाळ न होता धूर धरतो. आधी शेळ्यांचा गोठा, मग पडवी, मग माजघर. शेवटी दारं-खिडक्या लावून घर धुरात कोंडायचं. तेवढा वेळ आम्ही अंगणात. आई तांदूळ निवडायची, चुलता तंबाखू मळायचा, आम्ही पोरं धुडगूस घालायचो.

आत्या मात्र आतच. धूर आपण होऊन कोपऱ्यात जात नाही, त्याला हाकलावं लागतं, असं तिचं ठाम मत. तोंडाला पदर लावून ती सुपानं वारा घालत खोल्याखोल्यांतून फिरायची. बाहेर यायची तेव्हा डोळे लालभडक आणि खोकल्याची उबळ. चुलता म्हणायचा, "डास ऱ्हायलं बाजूला, हीच मरतीया बघा." सगळे हसायचे. आत्याही खोकता खोकता हसायची. घरातला रोजचाच विनोद होता तो.

चावल्यावरचं औषधही तिच्याकडेच. लावणीच्या दिवसांत खाचरातून वर आलेल्या बायका तिच्यापुढे पाय पसरून बसायच्या. करंजाच्या तेलात कापूर विरघळवून ती त्यांच्या पोटऱ्यांना चोळायची. गांध उठली असेल तर तुळशीची पानं तळहातावर चुरगाळून रस लावायची. खाज त्या रसानं कमी व्हायची की तिच्या हातानं, मला सांगता येणार नाही. कुणी पोरानं खाजवलं तर हातावर फटका बसायचा. तोही ती औषधातच धरायची.

पुढे माझं लग्न झालं आणि मी भुकूमला राहायला आले. इथे सोसायटीत डास कमी नाहीत, पण भिंतीत मशीन खोचलं की काम झालं. धूर नाही, खोकला नाही. आत्याची आठवण यायची ती गंमत म्हणूनच.

गेल्या पावसाळ्यात तिला चार पावलं टाकली तरी धाप लागू लागली. भाऊ तिला पौडला घेऊन गेला, मीही तिथे पोचले. डॉक्टरांनी छातीचा फोटो बघितला आणि विचारलं, "आजी, विडी ओढत होता का?"

आत्या भडकली. "मी कशाला वढीन? गडीमाणूस हाय व्हय मी?"

मग बोलता बोलता धुरीचं निघालं. डॉक्टर म्हणाले, छाती धुरानंच गेली आहे. गेलेलं परत येणार नाही, उरलंय तेवढं सांभाळा, यापुढे धुराच्या वाऱ्यालाही उभं राहू देऊ नका. आत्या पदराच्या टोकाला नुसता पीळ देत बसली. मला तेव्हा सगळ्यांचाच राग आला, घरातल्या प्रत्येकाचा. पण रागावून आता कुणाला काय मिळणार होतं?

भावानं घरात मशीनं लावली. पण गोठ्यात मशीन काय करणार? शेळ्या पाय आपटत राहतात. म्हणून तिथली धुरी अजून होतेच, वहिनी करते. तेवढा वेळ आत्याला धरून लांब नेऊन बसवावं लागतं.

भादव्यात मी गेले तेव्हा ते काम माझ्याकडे आलं. एसटीच्या थांब्याजवळ पार आहे, तिथे आम्ही दोघी बसलो. तिथून आमचा गोठा दिसतो. धूर वर चढायला लागला, तशी ती डोळे बारीक करून बघत म्हणाली, "पाला लई वाळल्याला घातलाय तिनं. भडकंल." मी म्हटलं, "असू दे गं."

खाचरात भात पोटरीला आला होता. डोंगराकडून गार वारा सुटला आणि भाताचा वास थेट आमच्यापर्यंत आला. आत्यानं तोंडावरचा पदर खाली घेतला. बराच वेळ तिची धाप ऐकू आली नाही.

"आसा वारा रोजच आसतो का गं हितं?" तिनं विचारलं.

"रोज. या वेळेला असतोच."

"व्हय?" ती म्हणाली. "मला म्हाईतच न्हाई. मी आत आसायची."

तिकडून वहिनीनं हाक मारली, धूर गेला, या आता. मी उठले आणि तिला हात दिला. तिनं हात धरला, पण उठली नाही.

"बस की जरा," ती म्हणाली.