पाण्यातून काढलेलं विष कुठे ठेवायचं?

सरोजअक्का गेली, हे मला इंदिरानगरमध्ये भाजी घेताना कळलं. तिच्या भावाचा फोन होता. "सकाळी पेपर वाचत होती, आणि खुर्चीतच..." त्याला पाच आठवडे झाले. भेटेल तो म्हणतो, फार शांत बाई होती. अक्का शांत नव्हती. हे कुणीतरी सांगायला हवं.

ती राजाजीनगरची, कित्येक पिढ्या बेंगळुरूतच काढलेल्या मराठी घरातली. मी पुण्याहून नोकरीसाठी आलेली. पिण्याच्या पाण्याच्या योजनांचा खर्च काढणाऱ्या सरकारी कार्यालयात ती माझी वरिष्ठ होती. मॅडम म्हटलेलं तिला चालायचं नाही.

एकदा जुन्या खाणींजवळच्या एका गावाचं काम आलं. बोअरवेलच्या पाण्यात आर्सेनिक होतं. पाहणीला गेलो तेव्हा गंगम्मा नावाची बाई आमच्याशी हात पदराखाली लपवून बोलत होती. तळव्यांवर त्या पाण्यानं खरखरीत गाठी आल्या होत्या. परतल्यावर मी एस्टिमेट केलं : टाकी, पंप, फिल्टर, वीज, देखभाल. अक्कानं ते वाचून एवढंच विचारलं, की फिल्टरमध्ये अडकलेलं आर्सेनिक कुठे जाणार? फिल्टरमधला माल काही महिन्यांनी बदलावा लागतो, आणि काढलेला माल विषारी असतो. तो बंद पिंपांतून लांब नेऊन सुरक्षित पुरायचा खर्च तिनं जोडला. आकडा खूपच वाढला.

साहेबांनी ते कलम काढायला सांगितलं. माणूस वाईट नव्हता. एवढ्या खर्चाला मंजुरी मिळणार नाही आणि गाव तेच पाणी पीत राहील, असं त्यांचं म्हणणं. मलाही ते पटलं. आधी पाणी तर मिळू दे, मी अक्काला म्हटलं.

"स्वल्प थांब," ती म्हणाली. "तो माल त्यांच्याच तळ्याकाठी पडेल. मग आपण विष काढलं नाही, नुसतं हलवलं."

तिनं सही केली नाही. तिची बदली रेकॉर्ड रूममध्ये झाली. सही मी केली.

पुढच्याच वर्षी माल तळ्याच्या बांधावर ओतला गेला. गंगम्मानं फोन केला तो अक्काला. अक्का रजा टाकून एसटीनं गेली आणि ग्रामसभेत आपलं मूळ एस्टिमेट कलमागून कलम कन्नडमध्ये वाचून दाखवलं. गंगम्मानं त्या दिवशी सभेला आलेल्या साहेबांसमोर तळवे उघडे धरले. बायका महिनोन्‌महिने कचेरीत जाऊन बसल्या, तेव्हा कुठे ते कलम मंजूर झालं... त्या एका गावापुरतं. अक्काची कुणी माफी मागितली नाही. ती रेकॉर्ड रूममधूनच निवृत्त झाली.

सहीबद्दल मी एकदा रडत रडत बोलले. "सरी, ठीक आहे," ती म्हणाली. "पुढची करू नकोस."

गेल्या आठवड्यात तिच्या खोलीत गेले. टेबलावर गंगम्माच्या शेजारच्या गावाचं एस्टिमेट होतं, निवृत्तीनंतर घरी बसून केलेलं, त्या कलमासह. आता तिच्या सहीला किंमत नव्हती. माझ्या सहीला आहे. ऑफिसात आणून दर तपासले, सही केली, पाठवलं. काल ते परत आलं, तेवढ्या एका कलमावर लाल रेघ मारून. मी नवी प्रत काढली, कलम होतं तिथेच ठेवलं आणि आज सकाळी पुन्हा पाठवली. रेकॉर्ड रूम कुठे आहे, मला माहीत आहे.